तू घरी जा, मी येतो

निघोजे, ता. खेड
१० जुलै १९५५

चि. भिमाजीस सोजराआक्काचा आशीर्वाद.

तुझं खुशालीचं कार्ड मिळालं. हे उत्तर मी सांगते आहे आणि शाळेत नवे आलेले उद्धवराव मास्तर लिहून घेत आहेत. इतके दिवस पोस्टमन लिहून द्यायचा, पण तो निम्मं स्वतःच्या मनाचं घालायचा. मास्तर मी बोलते तेच लिहितात. एवढंच की 'हाय'चं 'आहे' करतात आणि 'न्हाई'चं 'नाही'. म्हटलं, करा बापडे, पण शिव्या जशाच्या तशा राहू द्या.

पहिली शिवी मास्तरांनाच. तुझ्या इंदीला त्यांनी शाळेत बसवलं आहे. मी पाठवली नव्हती हो. आई गेलेलं पोर, त्यात हे असलं. सात वर्षांची झाली तरी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, हाक मारली तर वळत नाही. दिवसभर ओसरीवर कांदे मांडते, मोठ्यापासून बारक्यापर्यंत, आणि मधला एक कुणी उचलला की भिंतीवर डोकं आपटून घेते. तिला शाळा कशाला? पण मास्तर आपल्या घरची खोली भाड्यानं घ्यायला आले त्या दिवशी ओसरीवर टेकले, आणि काय करावं या माणसानं? तिच्या ओळीशेजारी आपलीही कांद्यांची ओळ मांडायला लागले. तिला ना हाक मारली, ना नाव विचारलं. बऱ्याच वेळानं पोरीनं हात लांब करून त्यांचा एक कांदा उचलला आणि दुसऱ्या जागी ठेवला. त्यांची ओळ चुकली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेला निघाले तशी ही त्यांच्या मागं निघाली. मी हातात पीठ तसंच घेऊन दारात उभी राहिले.

दुसरी शिवी घंटेपायी. शाळेची घंटा, म्हणजे तो टांगलेला रुळाचा तुकडा, वाजला की इंदी कान दाबून किंचाळते. तर मास्तरांनी घंटाच बंद केली. आता शाळा भरायची झाली की दारावर तांबडं फडकं लावतात. गाव हसतो. पाटील म्हणाले, ही शाळा आहे का रेल्वेचं फाटक?

बोलणं आहे तसंच आहे. तहान लागली की मलाच विचारते, "तुला पानी पायजे का?" भूक लागली की, "तू भाकर खाती का?" बायका म्हणतात, पोर स्वतःला तू म्हणते, म्हणजे आत बोलणारं दुसरंच कुणीतरी आहे. मला धास्ती वाटते, भिमा. पिंपरी काही परदेशात नाही, रविवारी का येत नाहीस? दिवाळीला तरी ये.

आक्का


पिंपरी
२४ जुलै १९५५

तीर्थरूप आक्कास भिमाजीचा नमस्कार. वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनाही नमस्कार.

मी बरा आहे. औषधाच्या कारखान्यात मला बाटल्या धुण्याच्या खात्यात घातलं आहे. बाटल्या इतक्या स्वच्छ लागतात की त्यांना हात लावण्याआधी आपणच कोपरापर्यंत हात धुवायचे. साहेब सांगतात, या औषधानं छातीत भरलेला ताप उतरतो. शालन अशाच तापानं गेली. हे औषध तेव्हा हाताशी असतं तर, असं मनात येतं आणि हातातली बाटली निसटते. मग मुकादम ओरडतो. त्याचंही बरोबर आहे.

इंदीला शाळेतून काढा असं मी म्हणत नाही. पण पोरं हसली तर तिला कळतं की नाही देव जाणे, मला इथं बसून कळतं. मास्तरांनी फार आशा लावू नये आणि तुलाही लावू नये. गावात होतो तेव्हा मी काय कमी केलं? जत्रेतून खुळखुळा आणला, पाळणा आणला. ती माझ्याकडे बघायची ते भिंतीकडे बघितल्यासारखं.

आक्का, तू विचारतेस की पिंपरी काही परदेशात नाही, तर रविवारी का येत नाहीस. रविवारी जादा पाळी असते. आणि खरं सांगायचं तर, मी आलो काय आणि न आलो काय, तिला सारखंच. ते बघायला पाय उचलत नाहीत.

दिवाळीला नक्की येतो.

भिमाजी


निघोजे
१८ ऑक्टोबर १९५५

चि. भिमाजीस आक्काचा आशीर्वाद.

आज शिवी नाही. आज मास्तरांना मी गुळाचा चहा करून दिला आणि मगच लिहायला बसवलं.

शाळेत त्यांनी एक नवंच खूळ काढलं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन मधोमध बसायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "उद्धव, तुला पाणी पाहिजे का?" मग छातीवर हात ठेवून स्वतःच उत्तर द्यायचं, "हो, मला पाणी पाहिजे." आणि प्यायचं. मग तांब्या पुढच्या पोराकडे. त्यानंही तसंच म्हणायचं. सगळी शाळा पाणी पीत बसलेली. मी त्यांना तोंडावर म्हणाले, मास्तर, पोरं पाढे विसरली आणि पोटं टम्म झाली. हे वाक्य लिहिताना ते हसत आहेत.

मास्तरांचं म्हणणं असं. आपण तिला पाणी द्यायचो तेव्हा विचारायचो, तुला पाणी पाहिजे का. तिनं ते वाक्य उचललं आणि जसंच्या तसं ठेवून दिलं. पाण्याचं नाव तिच्या लेखी तेच. तिच्या आत दुसरं कुणी नाही, आपणच आहोत. मला हे पुरतं कळलं नाही. पण नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं होते, मागून लुगड्याला ओढ बसली आणि आवाज आला, "मला पानी पायजे." छातीवर हात होता तिचा. भिमा, मी रडले. तांब्या भरून देईपर्यंत रडत होते. ती प्याली आणि निघून गेली, वळून बघितलं नाही. तरी रडले.

एक मात्र सुटत नाही. दिवस कलला की ही फाट्याकडे जाते, सडकेच्या कडेला उभी राहते आणि म्हणते, "तू घरी जा. मी येतो." पुन्हा पुन्हा तेच. 'येतो' म्हणते, 'येते' नाही. पोरीची जात, आणि बोलते बाप्यासारखं. मी कधी तिच्यापुढं 'येतो' म्हणेन का? ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मास्तरही इथं अडले आहेत.

दिवाळीला ये म्हणजे आलास. करंज्या करते.

आक्का


पिंपरी
२२ नोव्हेंबर १९५५

तीर्थरूप आक्का,

दिवाळीला येऊन न जेवता निघालो म्हणून रागावू नको. पत्र मास्तरच वाचणार हे माहीत आहे, तरी लिहितो.

तुम्ही लिहिलं होतं म्हणून मीही आशा धरली होती. एस.टी.तून फाट्यावर उतरलो तर समोर इंदी उभी. मला वाटलं, माझीच वाट बघते. पिशवी खाली ठेवली आणि हात पुढं केले. तिनं दोन्ही तळवे माझ्या पोटाला लावले, मला मागं रेटलं आणि म्हणाली, "तू घरी जा." मग आणखी काही पुटपुटली, माझं तिकडं लक्षच राहिलं नाही. घरात आलो तरी तेच. ताटावर बसलो तरी तेच. कधी नव्हे ते पोर माझ्याकडे बघून बोलली, आणि बोलली ते हे.

बाटली फुटली तर मुकादमाला सांगता येतं की हात ओला होता. हे कुणाला सांगू? तिला मी नको आहे. मास्तरांनी तिला बोलायला शिकवलं, त्यांचे उपकार. न बोलणारी होती तेव्हा निदान मला माझ्या मनासारखं समजता येत होतं.

आता तिचं काय करायचं ते तूच ठरव. मला विचारू नको.

भिमाजी


निघोजे
३० नोव्हेंबर १९५५

चि. भिमाजीस आक्काचा आशीर्वाद.

मला विचारू नको म्हणालास, पण विचारणं भाग आहे. बापाच्या शब्दाशिवाय तो माणूस हात लावत नाही.

तू गेल्यापासून इंदी दिवसभर तेच म्हणते. "तू घरी जा. मी येतो." जेवत नाही. मी कोंडाजी देवऋषीला बोलावलं. त्यानं ऐकलं आणि लगेच सांगितलं की पोरीच्या जिभेवर पुरुष बसला आहे, 'येतो' म्हणणारा तोच, आणि तोच बापाला घरातून हाकलतो. येत्या अवसेला ग्रहण आहे. त्या दिवशी जिभेला डाग द्यायचा, बाभळीच्या काट्याएवढा, की तो निघून जाईल. मला काय हौस आहे का रे? माझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे. पण ती उपाशी राहून झुरते ते बघवत नाही. तुझं 'हो' असेल तर कार्ड टाक.

मास्तर हे लिहिताना दोनदा थांबले. मी म्हटलं, लिहा. लिहिलं त्यांनी.

आक्का

(बाजूच्या पट्टीवर)
भिमाजीराव, वरचा मजकूर आक्कांनी सांगितला तसाच लिहिला आहे. ही पट्टी माझी. तीही त्यांना वाचून दाखवली. म्हणाल्या, लिहा तुमचं, भाऊ माझा आहे, माझंच ऐकेल. मला एकच विचारायचे आहे. इंदी वाक्ये बनवत नाही, ठेवून देते. 'मी येतो' हे कुणातरी पुरुषाने तिला म्हटलेले वाक्य असले पाहिजे. सडकेवर, फाट्यापाशी. ते आपण होतात का? आठवून कळवा, मगच काय ते 'हो' म्हणा. उद्धव.


(पोस्टकार्ड)
पिंपरी, ५ डिसेंबर १९५५

ती. आक्कास नमस्कार. पत्र पोचले. तुला योग्य वाटते ते कर. माझे हो आहे असे कोंडाजीस सांगावे. तिला फार दुखू नये एवढे बघ. भिमाजी.


निघोजे
८ डिसेंबर १९५५

रा. रा. भिमाजीराव यांस उद्धव मास्तरचा नमस्कार.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. पिंपरीला दूध घालायला जाणाऱ्या बिरूच्या हाती देतो आहे. आपल्या हातातच द्यायचे असे त्याला बजावले आहे.

आपले कार्ड काल आले. आक्का दारातच म्हणाल्या, वाचा. या घरात वाचता येणारा मी एकटाच. आपण 'नको' म्हणता असे वाचले असते तर कुणाला कळले नसते. ते माझ्या जिभेवर आलेही होते. पण या घराने मला कागद वाचायला दिले ते मी खरे वाचतो म्हणून. मी कार्ड जसेच्या तसे वाचले. आक्का खाली बसल्या. मग मी शाळेत गेलो आणि मुलांवर विनाकारण खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाला छडी मारली.

कार्डात माझ्या प्रश्नाचे उत्तर नाही. त्यावरून वाटते, आपण इनलँडची बाजूची पट्टी उघडलीच नाही. पुष्कळ लोक ती तशीच फाडतात. आता ती उघडा. फाटून गेली असेल तर इथे पुन्हा विचारतो. आपण पिंपरीला गेलात त्या दिवशी इंदी आपल्यामागे फाट्यापर्यंत आली होती असे आक्का सांगतात. ती एकटीच परत आली. तेव्हा आपण तिला काय म्हणाला होतात?

तिला काय झाले आहे, त्याला डॉक्टर काय नाव देतील, मला ठाऊक नाही. ती बरी होईल असेही मी म्हणत नाही. पण ती खोटे कधी बोलत नाही, आणि जे बोलते ते कुठूनतरी आणलेले असते, एवढे मी शपथेवर सांगतो. त्या जिभेवर डाग पडला तर ती पुन्हा बोलणार नाही. बोलल्याबद्दल भाजले, एवढेच तिच्याजवळ राहील.

मी स्वतःच आलो असतो. पण अवस जवळ आली आहे आणि तिला सोडून गावाबाहेर जायचा धीर होत नाही.

आपला,
उद्धव


पिंपरी
९ डिसेंबर १९५५

उद्धवराव मास्तर यांस,

बिरू दारात उभा आहे. दोन ओळी लिहितो आणि त्याच्यासोबतच निघतो. सायकलवर तो मला डबलसीट घेतो म्हणाला. मी आत शिरताच आक्कानं काही विचारायच्या आधी हा कागद तिला वाचून दाखवा, मला बोलता येईल असं वाटत नाही.

पट्टी डिंकाला चिकटून राहिली होती. आत्ता सोडवून वाचली.

होय, मीच म्हणालो. शालनचा तेरावा होऊन गेला होता. पोर मागंमागं आली. फाट्यावर गाडी दिसली, तसं तिच्या पोटाला हात लावून तिला मागं सारलं आणि म्हणालो, "तू घरी जा. मी येतो." ती उभीच. पुन्हा म्हणालो. गाडीत चढताना पुन्हा. मला तर वाटलं होतं की तिला ऐकूच गेलं नाही.

म्हणजे ती रोज फाट्यावर जाऊन मला बोलवत होती. आणि दिवाळीत मी आलो तेव्हा तिनं माझंच वाक्य, माझाच हात, मला परत दिला. मी करंजी न खाता उठून आलो.

आक्का, जिभेवर बसलेला पुरुष मीच आहे. कोंडाजीला सांग, घरात पाऊल ठेवू नको. माझं हो नाही. नाही, नाही, नाही.

भिमाजी


पिंपरी
३ जानेवारी १९५६

मास्तर,

रविवारची जादा पाळी सोडली. तुम्ही बघताच आहात, दर रविवारी येतो. पण एक अडचण आहे आणि ती आक्काच्या समोर बोलता आली नाही.

परतताना इंदी फाट्यापर्यंत येते. तिथं आता माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. जे बोलेन ते ती जपून ठेवणार. बाटल्या धुताना विचार करतो, काय म्हणावं? 'शहाणी हो' म्हणू? 'रडू नको' म्हणू? एवढा जपून शब्द मी लग्नातही बोललो नव्हतो. तुम्ही सांगा, काय म्हणू?

भिमाजी


निघोजे
७ जानेवारी १९५६

भिमाजीराव,

जे पाळता येईल तेच म्हणा.

उद्धव

ता. क. आक्का म्हणतात, एवढ्या एका ओळीला मास्तरांनी अख्खं कार्ड नासलं. कोंडाजी आक्कांना नाक्यावर भेटला होता, त्याला त्यांनी काय सुनावले ते कार्डावर लिहिण्याजोगे नाही.


निघोजे
१७ जून १९५६

उद्धवराव मास्तर यांस भिमाजीचा नमस्कार. आक्काचे आशीर्वाद. ती शेजारी बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे, पण मला तुमच्यासारखं जसंच्या तसं जमत नाही म्हणून वैतागली आहे.

बदलीच्या गावी नीट पोचलात हे कार्डावरून कळलं. खोली गळते म्हणता, तर कौलं आधी बघून घ्या. इथं नवे मास्तर आले. आल्या आल्या त्यांनी रुळाचा तुकडा पुसून ठेवला होता. पाटीलच पुढं होऊन म्हणाले, मास्तर, आमच्या गावात फडकं लावतात, सवय झाली आहे. तांबडं फडकं अजून तिथंच आहे.

इंदी शाळेत जाते. नव्या मास्तरांशी बोलत नाही. पहिले दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी कांदे मांडले आणि शेजारी एक ओळ तुमची म्हणून मोकळी ठेवली. म्हणजे मला आपलं तसं वाटलं. आक्का म्हणते, जागा उरली असेल. तुम्ही असता तर खरं काय ते सांगितलं असतं. तुमची उणीव भासते, मास्तर. घर आहे तसं आहे, पण कुणीतरी गेल्यासारखं आहे.

मी खरं म्हणजे एक गोष्ट सांगायला बसलो आहे. तुम्ही फाट्यावर एस.टी.त बसलात तेव्हा ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. इंदीनं कान दाबून घेतले. तुम्ही खिडकीतून हात हलवला, तिनं काही वर बघितलं नाही. तुमचा चेहरा उतरलेला मला दिसला. गाडी हलली तशी ती दोन पावलं गाडीमागं गेली आणि बोलली. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसणार. मी शेजारी होतो, मी ऐकलं.

ती म्हणाली, "तू घरी जा. मी येते."

'येते' म्हणाली, मास्तर. मी पुन्हा कान देऊन ऐकलं. गाडी वळणाआड गेल्यावरही तेच म्हणाली, आणि दर वेळी 'येते'च म्हणाली. असं तिला कुणी म्हटलेलं नाही. मी म्हटलेलं नाही, आक्कानं म्हटलेलं नाही. हे वाक्य तिचं स्वतःचं आहे.

आता ती येते म्हणाली आहे, तर तिला आणणं आलं. कारखान्यात रजेचा अर्ज दिला आहे. दिवाळीला मी, आक्का आणि इंदी, तिघं तुमच्याकडे येतो. हे मी तिच्यासमोर बोललो आहे, तेव्हा आता यावंच लागेल. वाट बघा.

भिमाजी